चित्राला ओलं फडकं नको

लायडन शहरात घरं घासणाऱ्या बायकांना तोटा नाही, पण आल्त्येची गोष्ट वेगळी होती. तिने धुतलेल्या पायरीवर पाय ठेवताना पाळकसाहेबसुद्धा कचरायचे. एकदा एक लोकरीचा व्यापारी पायरीपाशीच थांबला, बूट काढून काखेत मारले आणि मोज्यांवर आत गेला. आत जाऊन त्याने यजमानांची नाही, पायरीची माफी मागितली म्हणतात. आमच्या गल्लीतली माणसं तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाहीत, तेव्हा माफीचं सोडून द्या. बूट काढले एवढं खरं.

तिच्या हातांकडे मात्र पाहवत नसे. लाकडाची राख मुरवून केलेल्या कडक पाण्यात आयुष्य गेलं होतं. बोटांची कातडी सोलून सोलून गुळगुळीत झाली होती आणि हिवाळ्यात तिला भेगा पडायच्या. त्या पाण्याने तेल, मेण, काजळी, सगळं निघतं. "राखेच्या पाण्याने निघत नाही असा डाग एकच," आल्त्ये म्हणायची, "आणि त्याच्यासाठी रविवारी चर्च असतं." हे ती हसत म्हणायची, पण तिचा त्यावर विश्वास होता. स्वच्छ घर म्हणजे स्वच्छ मन, हे इथे पोरं दूधभाकरीबरोबर शिकतात. रविवारी ती केरसुणीला हातही लावत नसे आणि चर्चच्या मेजाशी सगळे मिळून पवित्र भाकर खातात त्या प्रभुभोजनाचा एकही रविवार तिने चुकवला नव्हता.

नवरा हेरिंग मासळीच्या होडीवर गेला तो परत आला नाही. मागे राहिली एक लेक, फेम्मी. नाकावर वांग, अंगात वारा आणि तोंडात सदा शिट्टी.

"शिट्टी काय मारतेस गं, खलाशी आहेस का?" आल्त्ये ओरडायची.

"बाप होता की!" फेम्मी म्हणायची आणि पुढचा सूर लावायची.

अशा पोरीला सुसानाबाईंच्या घरी स्वयंपाकघरात काम मिळालं, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. रुंद कालव्यावरचं ते कापडवाल्याचं घर. मालक वाउटर दिवसभर गोदामात, आणि घरावर राज्य बाईसाहेबांचं. जेवणाआधी बायबलचा अध्याय, जेवणानंतर स्तोत्र आणि मधल्या वेळात उपदेश. बाईसाहेब नाकाने कांदे सोलणाऱ्या होत्या, पण वाईट नव्हत्या. आजारी मोलकरणीला त्या स्वतः सूप पाजत. पाजताना दोन वचनं ऐकवत, एवढंच.

फेम्मी तिथे टिकली, कारण ती कामाला वाघ होती. बाईसाहेबांना ती इतकी पसंत पडली, की त्यांनी आपल्या नीटनेटक्या स्वयंपाकघराचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यात फेम्मीलाच बसवलं. योरिस नावाचा चित्रकार आला. लहानशी ओक लाकडाची फळी, त्यावर केसाएवढ्या बारीक कुंचल्याने काम. फेम्मी खिडकीशी बसून पितळेची किटली घासतेय. भिंतीला उभी केरसुणी, म्हणजे पाप झाडून काढलेलं. मांडणीवर बायबल. चंबूवर झाकण, म्हणजे तोंडावर ताबा. पिंजऱ्यात पक्षी आणि पिंजऱ्याचं दार बंद. त्याचा अर्थ इथे न्हाव्याच्या पोराला विचारलात तरी तो लाजत सांगेल. लग्नाआधी पोरीने दार बंद ठेवायचं असतं.

"आई, किटली घासायची नाही, नुसती धरायची!" फेम्मी घरी येऊन कुरकुरायची. "इतकं कठीण काम जन्मात केलं नाही गं. मान आखडली, पायाला मुंग्या आल्या, आणि तो योरिस म्हणतो, हलू नकोस. मग मी मनातल्या मनात शिट्टी मारली."

ती शिट्टी चित्रात उतरली. किटलीवरून नजर वर उचललेली, डोळ्यांत चमक आणि ओठ जरासे पुढे आलेले. बाईसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "स्तोत्र म्हणते आहे बघा." हे आल्त्येच्या कानावर आलं की ती खाली मान घालून हसू दाबायची. कुठलं स्तोत्र होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मग प्लेगचं वर्ष आलं. फेम्मी ताप घेऊन घरी आली आणि आल्त्येच्या दाराला गवताची पेंढी टांगली गेली, लोकांनी लांबून जावं म्हणून. पोरीने चार दिवससुद्धा काढले नाहीत. अंधार पडताच पेटी नेली. बरोबर कोणी नाही, घंटा नाही, शेजारणींनी खिडकीची दारंसुद्धा लावून घेतली होती. त्यांना दोष देत नाही. त्या वर्षी सगळीच माणसं भेकड झाली होती.

त्यानंतर आल्त्येने सुसानाबाईंच्या घरचं शनिवारचं काम धरलं. चित्र दिवाणखान्यात होतं, समोर हिरवा रेशमी पडदा. बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चौकटीवर हंसाचं पीस फिरवायचं. चित्राला ओलं फडकं लावायचं नाही, काही झालं तरी." आल्त्ये बाकी सगळी खोली घासून झाली की हात कोरडे करायची, पडदा सारायची आणि पीस फिरवायची. जरा जास्तच वेळ फिरवायची. फरशी आज कशी निघाली, समोरच्या ग्रीट कोळणीची मासळी कशी शिळी होती, सगळं फेम्मीला सांगायची. फेम्मी किटली धरून ऐकायची, ओठ पुढे करून. आल्त्ये त्या आठवड्याच्या भेटीवर जगत होती, असं म्हटलं तर त्यात तिखटमीठ नाही.

फेम्मीनंतर बाईसाहेबांना धड मोलकरीण लाभली नाही. एक झोपाळू निघाली. दुसरीचं पोट दिसायला लागलं. कोणामुळे, ते असल्या घरांत विचारायचं नसतं. बाईसाहेबांनी तिला काढली, रडल्या, उपास केला, आणि त्यांना वाटलं की घरात एक धडा हवा, नव्या पोरीला रोज दिसेल असा. मनात खोट नव्हती, ती असती तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि योरिसकडे पाठवून दिलं.

काही आठवडे भिंत रिकामी होती. मग एका शनिवारी पडदा परत टांगलेला दिसला. आल्त्येने लगबगीने हात पुसले आणि पडदा ओढला.

फेम्मी झोपली होती. डोळे मिटलेले, गाल दारू प्यायल्यासारखे लाल, तोंड अर्धवट उघडं. एका पायातली सपात गळून जमिनीवर पडलेली. चंबू आडवा, वाइन सांडलेली. पायाशी उघडे शिंपले, पुरुष माणसं खानावळीत बाईला खिलवतात तसले. केरसुणी गेली होती. पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं आणि आत पक्षी नव्हता.

आल्त्येने पडदा तसाच उघडा टाकला. ती तशीच आत बाईसाहेबांकडे गेली. "बाईसाहेब, माझ्या पोरीला हे काय केलंत?"

सुसानाबाईंना खरंच कळेना. "अगं, हे चित्र आहे, आल्त्ये. ती फेम्मी नाही आता, ती आळशी मोलकरीण आहे. बघणारा शहाणा होईल. फेम्मी गुणाची होती, हे कोणाला माहीत नाही?"

"चेहरा तिचा आहे, बाईसाहेब."

"चेहरा बदलायचा म्हणजे योरिस वेगळे पैसे मागतो," बाईसाहेब म्हणाल्या, आणि जरा ओशाळून पुढे म्हणाल्या, "धड्याला कुठला तरी चेहरा लागतोच ना गं."

धडा नव्या मोलकरणीने घेतला की नाही, देव जाणे. वाउटर मालकांच्या मित्रांनी मात्र तो पुन्हा पुन्हा घेतला. पाइप ओढता ओढता पडदा सारायचा, खिदळायचं, "वाउटर, ही तुझी तीच ना, प्लेगने गेलेली? प्लेगनेच ना रे नक्की?" आणि वाउटर मालक नाही म्हणायच्या ऐवजी मिशीतल्या मिशीत हसायचे. हसं दिवाणखान्यातून गोदामात गेलं, गोदामातून विणकरांत, विणकरांतून मासळीबाजारात. तिथे ते ग्रीटच्या पाटीपाशी आलं, आणि ग्रीट काही पोटात ठेवणारी बाई नव्हे.

"आल्त्ये, रागावू नकोस," ग्रीट माशाचं पोट फाडत म्हणाली, "पण लोक म्हणतात, तुझी फेम्मी बाळंतपणात गेली. पेंढी नुसती देखाव्याला टांगली होतीस."

"तू समोर राहतेस गं! तुला दिसलं नाही?"

"मला काय दिसणार? मी खिडकी लावली होती." ग्रीटने मासा पाटीत टाकला, आवाज उतरवला. "सगळ्यांनीच लावली होती. तीच तर गोची आहे. पोरीला शेवटचं पाहिलं कोणी? तू. आणि तू आई."

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात चर्चचे वडील, म्हणजे मंडळीतले जाणते पुढारी, घरोघर जातात. कोणाचं भांडण आहे का, कोणाच्या घरात काही लपलंय का, ते विचारतात, म्हणजे पवित्र मेजाशी कोणी मळलेला हात आणू नये. आल्त्येकडे आले ते वडील म्हातारे, मऊ बोलणारे. टोपी मांडीवर ठेवून बसले.

"तुझ्या मुलीविषयी बोललं जातंय, आल्त्ये. काही लपवलं असशील तर आज सांग."

"प्लेग होता, वडीलसाहेब. काखेत गाठ होती, या हातांनी धुतली मी."

"मी तुला खोटी म्हणत नाही. पण सुसानाबाईंचं घर म्हणजे देवाला भिणारं घर. अशा घराच्या भिंतीवर उगीच काही लागेल का?"

आल्त्येने सगळं आयुष्य तेच मानलं होतं. चांगल्या घरच्या भिंतीवर जे असतं ते खरंच असतं.

"या वेळी मेजाशी येऊ नकोस," वडील उठता उठता म्हणाले. "बोलणं विरलं की बघू. मुलीचं नाव आम्ही प्रार्थनेत घेऊ, पश्चात्तापाच्या."

शेवटचा शब्द आल्त्येच्या जिव्हारी लागला. तिला मेजावरून उठवलं, ते तिने सोसलं असतं. पण मातीखाली गेलेल्या पोरीने न केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप करायचा, तोही भर चर्चमध्ये, आणि तिला तोंड वर करून नाही म्हणता येऊ नये! ती उठली आणि तडक योरिसकडे गेली.

योरिस रंग खलत होता. माणूस भला, पण घाईत. "मावशी, ज्यांचं चित्र त्यांनी सांगितलं, मी केलं. आता त्यांनी परत सांगितलं तर परत करीन."

"त्या नाही सांगणार, मास्टर. मी मागेच त्यांच्या पाया पडून पाहिलं."

तिचं तोंड बघून त्याला वाईट वाटलं असावं. तिला धीर द्यायला म्हणून तो बोलून गेला, "अहो, तुमची पोर कुठे गेली नाही. मी खरवडलं नाही काही, नुसतं वर रंगवलंय. खाली आहे ती, होती तशी. डोळे उघडे ठेवून."

बस्स. तो परत रंगाकडे वळला आणि बोललेलं विसरलाही. आल्त्ये मात्र दारात उभीच राहिली. वर घाण आणि खाली स्वच्छ. ही गोष्ट तिला लायडनमधल्या कोणाहीपेक्षा चांगली कळत होती. जन्मभर तिने दुसरं काय केलं होतं?

प्रभुभोजनाच्या रविवारी घंटा झाल्या. रस्ते काळ्या कपड्यांनी भरले आणि रिकामे झाले. सुसानाबाईंच्या घरचं एकूण एक माणूस चर्चला गेलं, नवी मोलकरीणसुद्धा. ज्या एका बाईला त्या दिवशी चर्चमध्ये जागा नव्हती, तिला मागच्या दाराची किल्ली पावसाच्या पिंपामागे असते हे माहीत होतं.

रविवार होता. हातात बादली होती. तिने उंबरा ओलांडला. "देवा, आजच्या दिवस तिकडे बघ," ती पुटपुटली, आणि पडदा सारला.

तिने सुरुवात कोपऱ्यातून केली, फरशीची करतात तशी. सुती चिंधीचं टोक राखेच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पिंजऱ्यावर ठेवलं. चिंधी तपकिरी झाली. पुसलं, कोरडं केलं, परत ठेवलं. उघडं दार विरघळलं आणि त्याच्या खाली बंद दार दिसलं. गजांच्या मागे पक्षी होता, पिवळा, सुईच्या टोकाएवढ्या डोळ्याचा.

आल्त्ये रडू लागली. हात मात्र थांबले नाहीत. शिंपले गेले, सांडलेली वाइन गेली, चंबू उभा राहिला. सपातीच्या जागी फेम्मीचा लाकडी जोडा आला, आईनेच घेऊन दिलेला. भिंतीतून केरसुणी बाहेर आली. एवढं निर्मळ काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. दूरवरून स्तोत्र ऐकू येत होतं, आणि ती त्या सुरात पुसत होती.

मग ती तोंडाकडे वळली. नवी चिंधी घेतली. गालांची लाली उतरली. अर्धवट उघडं तोंड पुसलं गेलं आणि ओठ आले, पुढे काढलेले, शिट्टीवाले.

"आले गं, आले," आल्त्ये म्हणाली. "थांब जरा."

डाव्या डोळ्याची पापणी निघाली. फेम्मीने तिच्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, किटलीवरून नजर उचलून, चमकून. मग उजवा डोळा. दोन्ही डोळ्यांनी पोर आईकडे बघत होती, आणि आल्त्ये काही वेळ नुसती उभी राहिली. एवढं सुख तिला प्लेगच्या वर्षापासून मिळालं नव्हतं.

तिथे थांबायचं होतं. पण उजव्या डोळ्याच्या कडेला मिटल्या पापणीची एक तपकिरी रेघ राहिली होती. नखाच्या कडेएवढी. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. आल्त्येने आयुष्यात कधी कोपऱ्यात डाग सोडला नव्हता. तिने चिंधीचं टोक पुन्हा बुडवलं आणि त्या रेघेवर एकदाच फिरवलं.

रेघ गेली. पाठोपाठ डोळ्याची चमक गेली. तिने पटकन हात मागे घेतला, पण हात थांबला म्हणून राखेचं पाणी थांबत नाही. हे तिनेच कितीतरी नव्या पोरींना शिकवलं होतं. बुबुळ ओघळलं. तिने साध्या पाण्याचं फडकं घेऊन ते टिपायला पाहिलं, आणि दुसरा डोळा फडक्याला लागून आला. "नको, नको, नको गं," ती म्हणत होती आणि जितकं वाचवायला जात होती तितकं जात होतं. नाकावरचे वांग गेले. गाल गेला. शेवटी ओठ तेवढे राहिले, कशातच नसलेले, आणि तेही खाली घसरले. टोपीच्या आत ओकचं लाकूड दिसू लागलं, लाकडाच्या रेषा मोजता येतील इतकं स्वच्छ.

सुसानाबाई चर्चहून सगळ्यांच्या आधी परतल्या. मेजाशी त्यांचं मन लागलं नव्हतं म्हणे. दिवाणखान्यात ओल्या राखेचा वास होता. भिंतीवर त्यांचं जुनं चित्र होतं. केरसुणी उभी, चंबू झाकलेला, पक्षी पिंजऱ्यात, किटली लखलखीत आणि तिच्यावर दोन हात. मान होती, टोपी होती, मधे काही नव्हतं. खाली जमिनीवर बादलीला मिठी मारून आल्त्ये बसली होती.

बाईसाहेब दारातून पुढे आल्या. "आल्त्ये," त्या म्हणाल्या, "अगं, आज रविवार..." त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्या हातांकडे, आणि त्या चांगल्या रेशमी झग्यानिशी ओल्या फरशीवर तिच्याशेजारी बसल्या. बाहेर पायऱ्यांवर मालकांचे बूट वाजत होते.

"आण ती बादली," बाईसाहेब घाईने, हळूच म्हणाल्या. "मी कालव्यात ओतून येते. ते यायच्या आत. मी सांगेन, मीच केलं म्हणून. दे."

आल्त्येने बादली सोडली नाही. आत गढूळ, तांबूस पाणी होतं, जन्मभर तिने न बघता कालव्यात फेकलं तसलंच.

"हे नाही ओतायचं, बाईसाहेब," ती म्हणाली. "फेम्मी आहे ह्यात."

चर्च सुटलं होतं. रुंद कालव्यावर माणसांची गर्दी होती, वडीलसाहेब होते, ग्रीट होती. त्या सगळ्यांच्या मधून आल्त्ये बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी गेली, एकेक पाऊल जपून टाकत, पाणी हिंदकळू नये म्हणून.